चार आवाज, एक ठेका

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या अनेक शाळांच्या पटांगणांवर लेझमीचा सराव सुरू होतो. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तीत ओवलेल्या चकत्या, एवढेच साहित्य. पण साठ-सत्तर मुले हलगीच्या ठेक्यावर ‘चार आवाज’ घेऊ लागली की एखाद्याची लेझीम अर्ध्या मात्रेने उशिरा वाजली तरी ती सगळ्यांना ऐकू येते, आणि पुढच्या आवर्तनात तो मुलगा कुणी न सांगता शेजाऱ्याच्या खांद्याकडे पाहून आपला ठेका जुळवून घेतो.

या जुळवून घेण्याचा मनाशी जवळचा संबंध आहे. व्यायामाने मेंदूत एंडॉर्फिन नावाची, वेदना बोथट करणारी आणि तरतरी आणणारी रसायने स्रवतात. तेवढाच घाम एकट्याने गाळला काय किंवा चौघांत गाळला काय, फरक पडू नये, असे कुणालाही वाटेल. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तिथल्या 12 नौकापटूंनी वल्हवण्याच्या यंत्रावर 45 मिनिटांचा सराव कधी एकट्याने, तर कधी संघासोबत एका लयीत केला. मेंदूतले एंडॉर्फिन थेट मोजणे अवघड असल्यामुळे, रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाभोवती आवळत नेऊन ‘आता दुखते’ असे खेळाडू केव्हा म्हणतो, ते सरावाच्या आधी आणि नंतर पाहिले गेले. संघासोबतच्या सरावानंतर वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. श्रम मात्र दोन्ही वेळा सारखेच होते. प्रयोग लहान आहे आणि खेळाडू शाळकरी वयाचे नाहीत, तरीही सोबत्यांनी आपल्याला सामावून घेतले की नाही, याने ज्या वयात दिवस उजळतो किंवा झाकोळतो, त्या वयाच्या मुलांसाठी तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बोलून मैत्री जमवणे ज्याला जड जाते, त्यालाही लेझमीच्या रांगेत हक्काची जागा असते.

सर्जनशीलतेबद्दल अधिक जपून बोलायला हवे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 2014 सालच्या प्रयोगांत, नेहमीच्या एखाद्या वस्तूचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात, हे बसलेल्या आणि चालणाऱ्या माणसांत तपासले, तेव्हा चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी सुमारे 60 टक्क्यांनी वाढल्या. मात्र एकच अचूक उत्तर असलेल्या कोड्यांत असा लाभ दिसला नाही, उलट कामगिरी किंचित घसरली. म्हणूनच ‘खेळलास तर गणितात गुण वाढतील’ असे आमिष मुलांना दाखवू नये. हालचालीने मनाला अनेक वाटा दिसू लागतात. त्यांतली योग्य वाट निवडायला पुन्हा स्वस्थ बसावेच लागते.

कवायतीपेक्षा खो-खो मला या बाबतीत सरस वाटतो. 1914 साली पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर, या खेळाचे नियम बांधले गेले. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, दोन खुंटांच्या मध्ये बसलेल्या सोबत्यांची रांग ओलांडता येत नाही. त्यामुळे खो कुणाला आणि केव्हा द्यायचा, याचा निर्णय त्याला धावता धावता घ्यावा लागतो, आणि तो दर वेळी नवा असतो.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दमवणाऱ्या हालचालीची शिफारस करते. 146 देशांतल्या माहितीवर आधारलेल्या 2019 सालच्या पाहणीनुसार 11 ते 17 वयोगटातल्या 81 टक्के मुलामुलींची तेवढी हालचाल होत नाही. आणि आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की पहिला हात पी.टी.च्या तासावरच पडतो.

समूहाची एक दुसरी बाजूही आहे. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायचे, या पद्धतीत शेवटी उरलेले मूल मान खाली घालून उभे असते, आणि त्याला त्या तासातून आनंद नव्हे, लाज मिळते. कोथरूडजवळच्या एका शाळेत मी पाहिले, की बाई हजेरीपटावरच्या सम-विषम क्रमांकांनी संघ पाडतात आणि दर आठवड्याला कप्तान बदलतात. त्या तासाला पटांगणाच्या कडेला कुणीही बसून राहिलेले नव्हते.