कर्नेलमधले ठरलेले पत्ते: आकड्याचा पॉइंटर करताना काय काय बिघडतं

एरवी सी भाषेत पॉइंटरला (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या चलाला) पत्ता मिळतो तो कंपायलर, लिंकर किंवा मेमरी वाटणाऱ्या फंक्शनकडून. कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, मात्र बरेच पत्ते हार्डवेअरच्या मॅन्युअलमधून उचलून थेट आकडा म्हणून लिहावे लागतात. त्या आकड्यामागे काय आहे हे कंपायलरला ठाऊक नसतं, प्रोसेसरलाही ते वेगळं सांगावं लागतं. बहुतेक चुका होतात त्या दोघांपैकी एकालाच सांगितल्यामुळे.

पीसीवरचा व्हीजीए टेक्स्ट मोड घ्या, म्हणजे स्क्रीनवर फक्त अक्षरं दाखवण्याची जुनी पद्धत. स्क्रीनची मेमरी हेक्स (१६ च्या पायावरच्या) बी८००० पासून सुरू होते. २५ ओळी, ओळीत ८० रकाने आणि प्रत्येक रकान्याला २ बाइट: पहिला अक्षराचा, दुसरा रंगाचा. काळ्यावर पांढरा रोमन ‘ए’ हवा असेल तर १६ बिटांची हेक्स ०एफ४१ ही संख्या लिहायची. शून्यापासून मोजत १२व्या ओळीचा ४०वा रकाना म्हणजे १२ गुणिले ८० अधिक ४०, बरोबर १,०००. पॉइंटर १६ बिटांच्या प्रकाराचा असेल तर त्यात १,००० मिळवले की झालं, कारण पॉइंटरच्या बेरजेत २ ने गुणण्याचं काम कंपायलर स्वतः करतो. ‘रकान्याला २ बाइट’ म्हणून आपणही गुणलं, तर आकडा होतो २,००० आणि अक्षर दिसणाऱ्या भागाच्या लगेच पुढच्या रकान्यात जाऊन पडतं. पत्त्यांची ही खिडकी ३२ केबीची असल्यामुळे फॉल्ट (चुकीच्या पत्त्यावर प्रोसेसरने दिलेली त्रुटी) येत नाही. अक्षर फक्त दिसत नाही, आणि अशी चूक शोधायला फॉल्टपेक्षा कितीतरी अवघड. (यूईएफआय या नव्या फर्मवेअरने मशीन ग्राफिक्स मोडमध्ये सुरू केलं असेल तर हिशोब बरोबर असूनही काही दिसणार नाही. तिथे फ्रेमबफरचा (चित्राच्या ठिपक्यांच्या मेमरीचा) पत्ता बूटलोडरकडून, म्हणजे कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामकडून, घ्यावा लागतो.)

आकड्याचा पॉइंटर करताना मधला प्रकार पॉइंटरच्या रुंदीचा आणि बिनचिन्हाचा ठेवा. लोकल एपिकचा (प्रोसेसरमधल्या इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागाचा) नेहमीचा पत्ता हेक्स एफईई००००० आहे. तो ३२ बिटांच्या चिन्हयुक्त इंटमध्ये ठेवून ६४ बिटांच्या पॉइंटरमध्ये बदलला, तर चिन्हाचा बिट वर पसरतो आणि वरचे ३२ बिट एकांनी भरतात. पत्ता भलताच होतो.

मग येतं व्होलाटाइल: ‘इथली किंमत आपोआप बदलू शकते, दरवेळी खरंच वाच’ असं कंपायलरला सांगणारा सी भाषेतला शब्द. क्यूईएमयू या एम्युलेटरच्या (सॉफ्टवेअरमधल्या नकली संगणकाच्या) आर्म व्हर्ट मशीनवर पीएल०११ हा सिरीयल पोर्ट हेक्स ०९०००००० वर असतो. अक्षर पाठवण्याआधी हेक्स १८ अंतरावरचं फ्लॅग रजिस्टर (उपकरणाची स्थिती सांगणारी जागा) वाचायचं आणि बिट ५ चढलेला, म्हणजे १, असेपर्यंत थांबायचं, कारण तो बिट म्हणजे पाठवायची रांग भरलेली आहे. साध्या पॉइंटरने हा लूप लिहिला तर ऑप्टिमायझर म्हणतो, इथे कुणी लिहितच नाही, मग एकदाच वाचू. पहिल्या वाचनात बिट चढलेला सापडला की लूप कधीच संपत नाही. क्यूईएमयूवर बाइट बहुधा लगेच निघून जातो, त्यामुळे चूक तिथे लपते आणि खऱ्या बोर्डवर उघडी पडते. व्होलाटाइल पॉइंटरच्या तारकेच्या (*) डावीकडेच हवं. उजवीकडे लिहिलं तर पॉइंटरचं चल व्होलाटाइल होतं, रजिस्टर नाही.

व्होलाटाइलने सगळं सुटतं असं मात्र नाही. नेटवर्क कार्डसाठी डिस्क्रिप्टर (कामाचा तपशील देणारी नोंद) साध्या मेमरीत लिहून मग कार्डाच्या रजिस्टरमध्ये ‘घे’ अशी खूण केली, तर या दोन लेखनांचा क्रम पक्का नसतो. कंपायलर साधं लेखन पुढेमागे करू शकतो, आर्मसारखा प्रोसेसरही करू शकतो. मध्ये बॅरियर, म्हणजे क्रम मोडू न देणारी सूचना, लागतोच. लिनक्सच्या राइटएल या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये तो क्रम सांभाळलेला असतो, त्याच्या रिलॅक्स्ड भावंडात नसतो.

पेजिंग, म्हणजे प्रोग्राममधले पत्ते पानापानाने भौतिक पत्त्यांशी जोडण्याची सोय, चालू झालं की मॅन्युअलमधला भौतिक पत्ता तसाच वापरता येत नाही. सुरुवातीला आयडेंटिटी मॅपिंगमुळे (दोन्ही पत्ते सारखेच ठेवणाऱ्या जोडणीमुळे) तो चालून जातो. कर्नेल वरच्या पत्त्यांवर हलवून ते मॅपिंग काढलं की जुना पॉइंटर पेज फॉल्ट देतो. फॉल्टचा हँडलर (फॉल्ट आल्यावर चालणारा कोड) त्याच जुन्या पत्त्यावर संदेश छापत असेल तर पुन्हा फॉल्ट, मग पुन्हा, आणि स्टॅक संपून मशीन रीसेट. म्हणून मॅपिंग काढण्याआधी स्क्रीन आणि सिरीयलचे पॉइंटर नव्या पत्त्यांवर वळवा. लिनक्सचे ड्रायव्हर ही जोडणी आयओरीमॅप या फंक्शनकडून करून घेतात.

मॅपिंग करताना कॅशिंगचा प्रकारही ठरवावा लागतो. आर्मवर रजिस्टरांचं पान डिव्हाइस मेमरी म्हणून नोंदवा. ते साधी मेमरी म्हणून नोंदवलं तर लिहिलेला बाइट कॅशमध्येच अडकू शकतो. एक्स८६ वर फर्मवेअरने एमटीआरआर (कुठल्या पत्त्यांचं कॅशिंग कसं करायचं हे ठरवणारी रजिस्टरं) आधीच बसवलेले असल्यामुळे ही चूक बऱ्याचदा खपून जाते, पण त्यावर विसंबू नये.

शून्याजवळचे पत्ते हा वेगळाच त्रास. बायोसचा (पीसीच्या जुन्या फर्मवेअरचा) डेटा भाग हेक्स ४०० पासून, म्हणजे १,०२४ पासून असतो. जीसीसी १२ हा कंपायलर मात्र ४,०९६ च्या खालचा स्थिर पत्ता दिसला की त्याला नल पॉइंटरवरून (कुठेच न रोखलेल्या, पत्ता ० च्या पॉइंटरवरून) काढलेला धरतो आणि अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर गेल्याची ताकीद देतो. मिन-पेजसाइझ हे पॅरामीटर ० केलं की ती थांबते. पत्ता ० याहून नाजूक. २००९ मध्ये लिनक्सच्या टन (सॉफ्टवेअरमधलं नेटवर्क कार्ड) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. वापरलाय म्हणजे नल नसणारच, असं धरून जीसीसीने ती तपासणीच काढून टाकली. पत्ता ० वर पान मॅप करता येत असेल, तर हल्लेखोराला तिथून कर्नेलमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर लिनक्स कर्नेल नल तपासण्या न काढण्याचा पर्याय लावून कंपाइल होऊ लागला. स्वतःचा कर्नेल लिहिताना तोच पर्याय, एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स, मेकफाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.