फराइज

फराइज : मयत मुस्लिम व्यक्तीची मिळकत तिच्या वारसांत कोणत्या प्रमाणात वाटायची, हे ठरवणारी इस्लामी धर्मशास्त्राची शाखा. ‘फरीजा’ म्हणजे नेमून दिलेला वाटा. फराइज हे त्याचे अनेकवचन. मुख्य आधार कुराणाच्या चौथ्या अध्यायातील ११, १२ व १७६ ही वचने.

दफनाचा खर्च, कर्ज (पत्नीचा न दिलेला मेहेर, म्हणजे विवाहावेळी पतीने कबूल केलेली रक्कम, यातच मोडतो) आणि मृत्युपत्राने दिलेले दान वजा जाता जे उरते तेच वाटपास येते. मृत्युपत्राने वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. सुन्नी मतानुसार इतर वारसांच्या संमतीवाचून एखाद्या वारसाच्या नावे तेवढेही करता येत नाही. मालक हयात असेपर्यंत कोणाचाही जन्मसिद्ध हिस्सा नसतो.

नेमलेले हिस्से सहाच : १/२, १/४, १/८, २/३, १/३ व १/६. अपत्य असल्यास विधवेला १/८, नसल्यास १/४. पतीला याच्या दुप्पट. पत्नी एकापेक्षा अधिक असल्या तर त्याच हिश्शात वाटेकरी होतात. हनफी या सुन्नी विधिपद्धतीत हिस्सेदार बारा प्रकारचे मानले आहेत. त्यांचे देऊन उरलेले ‘असबा’कडे, म्हणजे मुख्यतः पुरुषांमार्फत जोडलेल्या नातलगांकडे जाते. मुलगा असबाच होय. तो असला की मुलगीही त्याच्याबरोबर असबा होते व मुलाच्या निम्मे घेते. दोन्ही वर्ग नसतील तेव्हा ‘जविल अरहाम’, म्हणजे दूरचे आप्त.

खरी अडचण बेरजेची आहे. एखादी स्त्री पती व दोन सख्ख्या बहिणी मागे ठेवून वारली, तर पतीचा १/२ आणि बहिणींचे २/३ मिळून ७/६ होतात. यावरचा तोडगा ‘औल’ : छेद सहाचा सात करायचा, म्हणजे पतीला ३/७ व बहिणींना ४/७. सर्वांचीच सारख्या प्रमाणात घट होते. सहाचा छेद सात, आठ, नऊ किंवा दहापर्यंत, बाराचा तेरा, पंधरा वा सतरापर्यंत, आणि चोविसाचा फक्त सत्तावीसपर्यंत वाढतो. इतर छेदांना औल लागत नाही.

औलाचा उगम सर्वसाधारणपणे दुसरे खलिफा उमर (कारकीर्द ६३४–६४४) यांच्या काळात मानतात. पहिला खटला कोणता, याबद्दल मात्र परंपरा एकमुखी नाही : कुठे पती व दोन बहिणी, कुठे पती, आई व एक बहीण (१/२ + १/३ + १/२, म्हणजे ८/६). सल्ला कोणी दिला, याबाबतही अब्बास, जैद बिन साबित व अली अशी पैगंबरांच्या सहकाऱ्यांची वेगवेगळी नावे येतात. दाखला सावकारांचा दिला गेला, असे सांगतात : मिळकतीपेक्षा कर्ज जास्त असेल तर प्रत्येक सावकार आपापल्या प्रमाणात तोटा सोसतो, तसेच हे.

अब्बास यांचे पुत्र इब्न अब्बास यांना हे मान्य नव्हते. वाळूचे कण मोजणाऱ्याने (म्हणजे ईश्वराने) एकाच मालमत्तेत दोन अर्धे आणि एक तृतीयांश ठेवला नसेल, असा त्यांचा आक्षेप परंपरेने जपला आहे. उमर हयात असताना हे का बोलला नाहीत, या प्रश्नाला ‘त्यांचा धाक वाटला’ असे उत्तरही. त्यांच्या मते पती, पत्नी व आई यांचा हिस्सा पूर्ण द्यावा आणि तूट मुली व बहिणी यांनी सोसावी, कारण त्या एरवीही कधी कधी असबा होऊन अनिश्चित वाटा घेतात. शिया पंथाने हीच दिशा धरली. मिंबरवरून (मशिदीतील व्यासपीठावरून) प्रवचन करताना अलींना पत्नी, आईवडील व दोन मुली यांचा हिशेब विचारला गेला आणि ‘तिचा आठवा हिस्सा नववा झाला’ असे ते तत्काळ म्हणाले (२७/२४ मुळे ३/२७), ही कथा सुन्नी ग्रंथांत औलाचा पुरावा म्हणून येते. अलींना मानणारा पंथच औल नाकारतो, हे पाहता तिच्यावर फार भार टाकता येत नाही. शिया लेखक ती उपरोधाची किंवा अविश्वसनीय ठरवतात.

उलट, बेरीज एकापेक्षा कमी भरली आणि असबा नसला, तर उरलेले रक्ताच्या हिस्सेदारांकडे परत जाते (‘रद्द’). पती-पत्नी सामान्यतः यातून वगळलेली. एकुलती मुलगी व मयताचा सख्खा भाऊ असे दोघेच असतील, तर सुन्नी वाटपात निम्मे-निम्मे होते. शिया वाटपात मुलगी १/२ हिश्शाने आणि बाकीचे रद्दने, असे सर्वस्व घेते.

जवळचा वारस दूरच्याला वगळतो. त्यामुळे दुसरा मुलगा हयात असल्यास आधी वारलेल्या मुलाच्या अपत्यांना आजोबांच्या मिळकतीत वाटा नाही. ईजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीचे मृत्युदान मानले; पाकिस्तानच्या १९६१ च्या अध्यादेशाने त्यांना थेट मृत पालकाच्या जागी बसवले.

प्रत्यक्ष व्यवहारात रूढी अनेकदा वरचढ ठरली. १८४७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने खोजा व कच्छी मेमन मुलींना कुराणातील हिस्सा नाकारून जमातीची रूढी मान्य केली. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीला बाजूला सारले, पण शेतजमीन त्यातून वगळली.