युनायटस, जॉनी

(७ मे १९३३ – ११ सप्टेंबर २००२). अमेरिकन फुटबॉलमधील विख्यात क्वार्टरबॅक. नाव फुटबॉल असले तरी या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तो क्वार्टरबॅककडे आला, की प्रतिस्पर्धी गडी अंगावर यायच्या आत त्याने तो फेकायचा किंवा सहकाऱ्याच्या हाती द्यायचा. आता चाल बहुधा प्रशिक्षक कळवतो. युनायटस ती मैदानावर स्वतःच ठरवी.

जन्म पिट्सबर्गचा, कुटुंब मूळचे लिथुआनियन. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले आणि कोळसा पोचवण्याचा घरचा धंदा आईने सांभाळला. लुइव्हिल विद्यापीठातून खेळल्यावर १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने त्याला नवोदितांच्या वार्षिक निवडीत नवव्या फेरीत निवडले आणि मोसम सुरू होण्याआधीच काढून टाकले. मग बांधकामावर मजुरी आणि ब्लूमफील्ड रॅम्स या स्थानिक संघात सामन्यामागे सहा डॉलर. १९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाने घेतले. तिथे पहिल्या मोठ्या संधीला त्याने फेकलेला पहिलाच चेंडू शिकागो बेअर्सच्या गड्याने मधेच पकडून थेट टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) केला! त्याच मोसमाच्या अखेरीस मात्र त्याच्या फेकीवर सलग ४७ सामन्यांत टचडाउन होण्याची मालिका सुरू झाली. तो विक्रम मोडायला २०१२ साल उजाडले.

२८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम. व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात कोल्ट्सविरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स १७-१४ ने पुढे, उरलेली जेमतेम दोन मिनिटे आणि चेंडू कोल्ट्सच्याच बाजूला, त्यांच्या मागच्या रेषेपासून १४ यार्डांवर. युनायटसने लागोपाठ तीनदा फेक करून सहकारी रेमंड बेरीलाच गाठले. त्या तीन झेलांत ६२ यार्ड सरकले. सात सेकंद बाकी असताना कोल्ट्सच्या स्टीव्ह मायराच्या फील्ड गोलने (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवलेल्या तीन गुणांनी) बरोबरी झाली. जादा वेळेत युनायटसने संघाला १३ चालींत ८० यार्ड नेले, सहकारी ॲलन अमीची चेंडू घेऊन रेषेपलीकडे घुसला आणि सामना २३-१७ असा संपला. दूरचित्रवाणीवर लाखोंनी पाहिलेल्या या सामन्याने व्यावसायिक फुटबॉल अमेरिकेत घरोघरी नेला, असे मानतात.

१९५९ चे विजेतेपद आणि जानेवारी १९७१ चा सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना; यात तो दुखापतीने मधेच बाहेर पडला) हेही त्याच्या खात्यावर आहेत. सान दिएगो चार्जर्सकडून १९७३ चा मोसम खेळून तो निवृत्त झाला. एकूण ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन फेकी. १९८४ मध्ये कोल्ट्स संघ रातोरात इंडियानापोलिसला हलवला गेला, तेव्हा त्याने संघाशी संबंधच तोडला. बाल्टिमोरकरांना तो आणखी आपला वाटू लागला. उतारवयात जुन्या दुखापतींनी उजव्या हाताची पकडच गेली. गोल्फ खेळताना काठी पट्ट्याने हाताला बांधून घ्यावी लागे.