पार्श्वभूमी : मुंबईतील परवडणारी वाइन आणि ‘वाइन शॉप’ नावाचा गुंता

चार-सहा मित्रांनी एकत्र जमून, हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या तीन-चार वाइन शेजारीशेजारी उघडून त्यांची चव ताडून पाहण्याचा छंद मुंबईत आता मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला आहे. हा छंद नव्या शतकातला आहे. त्यासाठी लागणारी बाटली मात्र ज्या कायद्याखाली विकली जाते तो 1949 सालचा आहे, आणि ती ज्या दुकानातून येते त्याच्या पाटीवरचा ‘वाइन’ हा शब्द आतल्या मालाशी फारसा जुळत नाही. या टिपणात त्या शब्दाला जास्त जागा दिली आहे, कारण सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्यावरून झालेला 2022 सालचा वाद त्याच शब्दाशी येऊन अडखळला.

प्राचीन काळात रेंगाळण्याचे कारण नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनची नोंद असून इटलीच्या वाइनला पसंती होती असे म्हटले आहे. त्याच वृत्तांतात कल्याणचाही उल्लेख येतो. घारापुरी बेटावर रोमन बनावटीच्या, दोन कानांच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे आजच्या मुंबईच्या दारात वाइन दोन हजार वर्षांपूर्वी येत होती. पण तिथून आजच्या ग्राहकापर्यंत सलग रेषा ओढता येत नाही, आणि तशी ती ओढण्याचा जाहिरातींना होणारा मोह फारसा मनावर घेऊ नये.

खरी सुरुवात दारूबंदीपासून करावी लागते. तत्कालीन मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. त्यातील मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडी हे सगळे एकाच वाक्यात बसवलेले आहेत. अल्कोहोल असलेला कोणताही द्रव त्या व्याख्येबाहेर राहू नये असाच तिचा रोख होता. हा रोख इतका व्यापक होता की 1951 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त पदार्थांपुरत्या त्यातील काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. द्राक्षे आंबवून केलेले द्राक्षासव औषधांच्या दुकानात उघडपणे मिळते आणि अनेक मराठी घरांत ते देवघराशेजारच्या फडताळात ठेवलेले असते, त्याच द्राक्षांची वाइन मात्र लोखंडी जाळीमागे असते. या विसंगतीकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. ती विसंगती खरी आहे, पण औषध म्हणून दोन चमचे घेणे आणि जेवणाबरोबर पेला भरून घेणे यांत कायद्याने फरक केला तर त्याला अगदीच खुळचटपणाही म्हणता येत नाही.

बंदीच्या काळात मुंबईत वाइन पूर्णपणे नाहीशी झाली नव्हती. चर्चमधील धर्मविधींपुरती तिला मुभा होती, आणि वांद्रे, गोराई, वसई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन व इतर ख्रिस्ती घरांत नाताळसाठी मनुका, आले, जांभूळ यांची गोड वाइन घरच्या घरी बरण्यांत मुरत असे. कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले तर परवान्याशिवाय असे काही आंबवणे तेव्हाही गुन्हाच होता आणि आजही आहे. तरीही मुंबईच्या जिभेला वाइन म्हणून जी पहिली ओळख झाली ती या गोड, गडद, लहान पेल्यातल्या पेयाची. गोव्याहून येणाऱ्या ‘पोर्ट’ नावाच्या स्वस्त गोड वाइननेही तीच ओळख पक्की केली. पुढे कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन बाजारात आली तेव्हा अनेकांनी पहिल्या घोटाला ‘ही बिघडलेली दिसते’ असा शेरा मारला, त्यामागे हेच कारण होते.

1960 च्या दशकात बंदी सैल होत गेली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती मुख्यतः परवान्याच्या कागदापुरती उरली. मद्य पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद मात्र कायम राहिली. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी 5 रुपयांना मिळतो, हे दुकानाच्या गल्ल्याशी पडलेले पिवळट पावतीपुस्तक ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

याच सुमारास आजचे ‘वाइन शॉप’ रुळले, आणि गुंत्याला तिथून सुरुवात होते. कायद्याच्या भाषेत हे दुकान म्हणजे विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्यांची किरकोळ विक्री करणारे परवानाधारक. यातला ‘विदेशी’ हा शब्दही फसवा आहे, कारण देशात तयार झालेली व्हिस्की, रम आणि बिअर या सगळ्या त्याच छत्राखाली येतात आणि निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षांची वाइनही तिथेच जाऊन बसते. विदेशी मद्य असे पाटीवर लिहिणे दुकानदाराला अवघड, दारू लिहिणे त्याहून अवघड. ‘वाइन्स’ हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य वाटला असावा. परिणामी मुंबईकराच्या तोंडी ‘वाइन शॉप’ म्हणजे जिथे क्वार्टर, चपटी आणि खंबा मिळतो ती जागा. तिथे वाइनच्या बाटल्या असतात त्या सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, उभ्या आणि बहुधा धूळ खात. गिऱ्हाईक फुटपाथवरून हात आत घालून ‘एक रेड द्या’ म्हणते, आतला माणूस स्टूलावर चढून हाताला येईल ती बाटली काढतो, वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो आणि पुढच्याला पुकारतो. लेबल वाचायला, साल पाहायला, दोन बाटल्यांत निवड करायला तिथे अवधी नसतो. 1970 च्या दशकापासून अशा दुकानांचे नवे परवाने देणे राज्याने जवळजवळ थांबवले, त्यामुळे आहे त्या दुकानांना गिऱ्हाइकाची वानवा नव्हती आणि कमी खपाच्या मालासाठी दुकान बदलण्याची गरजही नव्हती. बिअर आणि वाइन अशा सौम्य मद्याची बिअर शॉपी वेगळ्या परवान्यावर आली, तिने थोडा फरक पडला. पण तिचा धंदा नावाप्रमाणे बिअरचाच राहिला.

वाइन बनवण्याच्या बाजूने 1980 च्या दशकात नारायणगावजवळ फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाइन तयार होऊ लागली आणि ती परदेशातही गेली. मुंबईच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र 2001. त्या वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, राज्यातील द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले. खाण्याची द्राक्षे पिकवणारे शेतकरी शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराज अशी वाइनच्या द्राक्षजातींची जिभेला नवी नावे बोलू लागले. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना घेतलेली गोडी छाटणी हे वेळापत्रक मात्र त्यांच्या ओळखीचेच होते. फळ जानेवारी ते मार्चमध्ये निघते, म्हणजे युरोपात वेली झोपलेल्या असताना.

या उभारीला 2008 साली खीळ बसली. जागतिक मंदी आणि नोव्हेंबरातील मुंबईवरचा हल्ला यांमुळे पर्यटक आटले, आणि महागड्या हॉटेलांवर विसंबलेल्या वाइनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या राहिल्या, करार असूनही द्राक्षे उचलली गेली नाहीत, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली. घरी नेऊन पिणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाला आधी कोणी हिशेबात धरले नव्हते; ते धरण्याची गरज उद्योगाला या फटक्यानंतर तीव्रतेने जाणवली. अर्धी बाटली, स्वस्त मिश्र वाइन, पुढे कॅनमधली फेसाळती वाइन हे सगळे त्याच गिऱ्हाइकाच्या शोधात आले.

आता 27 जानेवारी 2022 च्या निर्णयाकडे येऊ. तत्कालीन मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि वॉक-इन स्टोअरमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली. अटी अशा होत्या की दुकान किमान 100 चौरस मीटरचे असावे, वाइनसाठी 2.25 घनमीटरचे कुलूपबंद करता येण्याजोगे कपाट असावे, शाळा व प्रार्थनास्थळे यांपासूनचे अंतर पाळावे आणि वर्धा व गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे वगळावेत. वार्षिक शुल्क 5,000 रुपये ठेवले होते. व्हिस्की, रम किंवा बिअर यांचा यात समावेश नव्हता.

विरोध दुसऱ्याच दिवशी पेटला. विरोधी पक्षाने महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होत असल्याचा आरोप केला. सत्ताधारी बाजूच्या एका नेत्याने वाइन म्हणजे दारू नव्हे, असे उत्तर दिले. हे उत्तर चुकीचे होते आणि, माझ्या मते, त्यानेच निर्णयाचे सर्वाधिक नुकसान केले. राज्याच्या स्वतःच्या कायद्यात वाइन मद्याच्या व्याख्येत आहे, ड्राय डेला ती मिळत नाही आणि तिच्यासाठी वयाची अट आहे. असे असताना ती दारू नव्हेच असे म्हटल्यावर पुढची चर्चा शब्दकोशात शिरली. वाइन ही दारूच आहे, परंतु तिचे प्रमाण, तिचा वापर आणि तिची विक्रीची जागा वेगळी ठेवावी, असा मुद्दा मांडता आला असता. तो फारसा कोणी मांडला नाही. शेतकऱ्यांचे हित हा सरकारचा मुख्य युक्तिवाद होता, तोही अर्धवटच होता, कारण राज्यातील एकूण द्राक्षांपैकी वाइनकडे जाणारा वाटा लहान आहे. विरोधकांचा मुलांच्या नजरेसमोर बाटल्या नकोत हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मात्र हीच मुले शाळेत जाताना कोपऱ्यावरच्या ‘वाइन्स’समोरची रांग रोज पाहतात, याची दखल त्या बाजूने घेतली नाही.

गंमत अशी की याच महिन्यात, दोन आठवडे आधी, मराठी पाट्यांच्या निर्णयासोबत मद्यविक्री करणाऱ्या दुकानांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत असे ठरले होते. पाटीवर काय नसावे याचा विचार झाला. देवनागरीत ठळक झालेल्या ‘वाइन्स’ या शब्दाला हात लागला नाही. सुपरमार्केटचा निर्णय पुढे एका ज्येष्ठ समाजसेवकाच्या उपोषणाच्या इशाऱ्यानंतर हरकती-सूचनांच्या वाटेला लागला, जूनमध्ये सरकार बदलले, आणि ते कपाट दुकानात आलेच नाही.

किमतीचा प्रश्न याहून कमी गाजला, पण स्वस्त वाइन शोधणाऱ्याला तोच अधिक भिडतो. आयात वाइनवर दीर्घकाळ 150 टक्के सीमाशुल्क होते. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ते 50 टक्के शुल्क आणि 100 टक्के कृषी अधिभार असे विभागले गेले, बेरीज तीच राहिली. त्यामुळे युरोपात भाजीबरोबर पिशवीत पडणारी साधी बाटली मुंबईत भेटवस्तू होऊन बसते. डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात टप्प्याटप्प्याने सवलत आहे, पण 5 डॉलरपेक्षा कमी आयात किमतीच्या बाटलीला ती मिळत नाही. म्हणजे अगदी स्वस्त माल मुद्दाम बाहेर ठेवला आहे. राज्यातील वाइनसाठी 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देणारी प्रोत्साहन योजना मध्यंतरी खंडित झाली होती, ती डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. हजाराच्या आतली नाशिकची बाटली आज फळीवर दिसते त्याला या परताव्याचा आधार आहे.

चव घेण्याचा भाग या सगळ्याच्या तुलनेत सरळ आहे, फक्त युरोपातले नियम इथे जसेच्या तसे उतरत नाहीत. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य 16 ते 18 अंशांच्या खोल्यांसाठी आहे; मे महिन्यातल्या परळच्या खोलीत तीच वाइन उकळल्यासारखी लागते आणि अल्कोहोलचा झोत तेवढा नाकात जातो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली तर तीच बाटली ओळखू येणार नाही. फळीवर उन्हाळा काढलेल्या बाटलीला मात्र फ्रीज काही करू शकत नाही, म्हणून जाणकार स्वस्त वाइन घेताना सर्वांत ताजे साल मागतात. बाटल्यांना कागद गुंडाळून, आकडे घालून, काचेचे पेले कमी पडले तर स्टीलच्या फुलपात्रांत ओतून घेतलेल्या अशा बैठकांत महाग बाटली शेवटच्या क्रमांकावर गेल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. कांदा भजी आणि शेनिन ब्लां यांचे जमते, हेही तिथेच कळले.

दुकानात उभे राहून निवडता येत नाही आणि चाखून पाहण्याची सोय जवळजवळ नाही, म्हणून मुंबईकर 170 किलोमीटरवरच्या नाशिकला जातो. तिथे 2005 च्या सुमारास गंगापूर धरणाच्या परिसरात चव घेण्यासाठीचे पहिले दालन उघडले. आज थोडे पैसे भरून पाच-सहा वाइनचे घोट घेण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. पूर्वी हा प्रवास कसारा घाटातून व्हायचा, जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पाही खुला आहे. परतीच्या गाडीत डिकीत दोन पेट्या असतात, आणि त्यातल्या बाटल्यांची बिले बाटल्यांबरोबरच जपून ठेवलेली असतात.