हायवेला जागा मिळाली म्हणजे फॅमिली हॉटेल चालतंच?

सोलापुरात वर्षानुवर्षं हेच ऐकतोय: पुणे-हैदराबाद रस्त्याला लागून जागा घ्या, 'फॅमिली रेस्टॉरंट' असा बोर्ड लावा, गल्ला आपोआप भरतो. हे खरं नाही, आणि यापायी लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकते, म्हणून स्पष्ट लिहितो.

रस्त्यावरची गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. मध्ये डिव्हायडर असेल तर पलीकडची गाडी तुमच्यासाठी लांबून वळसा घालून येत नाही. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडवरचं कुटुंब रात्री आठला निघतं तेव्हा बहुतेक वेळा एकच स्कूटर असते, पुढे एक पोर उभं, मागे आईच्या मांडीवर दुसरं. ट्रकच्या रांगेतून ते हायवेला कशाला येतील? म्हणून जागा बघायला दुपारी जाऊ नका. रविवारी रात्री जा, तासभर थांबा, उजेड किती, गाडी कुठे लागते, म्हातारं माणूस किती पायऱ्या चढेल, ते बघा.

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरचे भाविक थांबतील असं धरलं असेल, तर एकाच स्वयंपाकघरात मटण आणि उपवासाची खिचडी चालणार नाही. श्रावणात तर नाहीच.

राहिला मेनू. चायनीजपासून पिझ्झापर्यंत सगळं ठेवण्यापेक्षा गरम ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी नीट द्या, आणि पोरांसाठी बिनतिखट वरणभात. माझ्या मते आई निवांत जेवली, तर ते फॅमिली हॉटेल.