कॅसेटमधली आजी गाण्याआधी तीन सेकंद का ऐकू येते?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका छोट्या सभागृहात मध्यंतरी एक मराठी चित्रपट पाहिला. ग्वाल्हेरच्याच काही तरुणांनी पदरचे पैसे घालून केलेला. गोष्ट घरगुती आहे. आजी गेल्यावर मुलगा, सून आणि नात घर आवरायला घेतात आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी सापडतात. आजी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकलेली. नातीला पाठ करता यावी म्हणून देसकार रागातली एक बंदिश तिने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेली असते. नात ती लावते. आधी फितीची खरखर. मग बंदिशीचे पहिले शब्द, पलीकडच्या खोलीतून यावेत इतके पुसट. आणि तीनेक सेकंदांनी तेच शब्द, पूर्ण भरल्या गळ्याने. मुलगा हातातलं सामान तसंच धरून उभा राहतो.

चित्रपटानंतर गप्पा झाल्या. तो पुसट आवाज एडिटिंगमध्ये घातलेला नाही, आपल्या घरच्या जुन्या कॅसेटमध्येच तो तसा आहे, असं दिग्दर्शकाने सांगितलं. त्यावर मागून एक काका म्हणाले, ‘‘आजी आधी येऊन सांगून गेली हो!’’ बऱ्याच माना डोलल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने, असे आवाज टिपणारं यंत्र परदेशात मिळतं, अशी भरही घातली.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. पण हजिऱ्यावर तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचा पाला चघळून गळा गोड होतो असं पिढ्यान्‌पिढ्या मानणारं आपलं गाव आहे. इथे एवढ्यावर गप्प बसून चालत नाही. शिवाय त्या पुसट आवाजाची खरी हकिकत भुताच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

ध्वनिमुद्रणाच्या भाषेत याला प्रिंट-थ्रू म्हणतात. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म सुयांचा थर. एकेक सुई म्हणजे एक चुंबक, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आवाज भरताना रेकॉर्डिंग हेड या सुयांची दिशा ठरवतं. मग फीत चाकावर गुंडाळली जाते, वेढ्यावर वेढा, मध्ये कसलाही आडोसा नाही. कच्च्या रंगाचं लुगडं ओलं असतानाच घडी घालून ठेवलं तर रंग शेजारच्या घडीला लागतो, तसं एका वेढ्यातलं चुंबकत्व वरच्या आणि खालच्या वेढ्याला लागत जातं. बहुतेक सुया इतक्या क्षीण चुंबकत्वाला दाद देत नाहीत. पण सगळ्यात बारीक सुया उष्णतेच्या थरथरीने मुळातच डळमळीत असतात. शेजारून हलकासा रेटा मिळाला की त्या वळतात. ऊन जितकं कडक तितक्या जास्त वळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर नेणाऱ्या ग्वाल्हेरात, पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, ही छपाई वर्षानुवर्षं चालू राहते.

ठसा दोन्ही बाजूंना उमटतो. गाण्यानंतरच्या वेढ्यावरचा ठसा चालू गाण्यातच बुडून जातो. आधीच्या वेढ्यावर मात्र शांतता असते, म्हणून तिथला ऐकू येतो. बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा आधीपासून झंकारत असतो, तो या ठशाला झाकून टाकतो. या आजींनी घरात तानपुऱ्याशिवाय गाऊन ठेवलं होतं. मागे कोरी शांतता, म्हणून ठसा उघडा पडला.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येते. थोडं गणित आहे, पण शाळेतलंच. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. आजींची पट्टी काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी), म्हणजे षड्ज, अर्थात सा, सुमारे २०८ हर्ट्झ आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ४१५. एका सेकंदात ४१५ कंपनं आणि तेवढ्यात ४७.६ मिलिमीटर फीत, म्हणजे तार षड्जाचं एक कंपन फितीवर ०.११५ मिलिमीटर जागा घेतं. ही झाली फितीवरची तरंगलांबी. चुंबकीय क्षेत्र फितीपासून एका तरंगलांबीइतकं दूर गेलं की पाचशेहून अधिक पटीने क्षीण होतं. त्यामुळे फार आखूड तरंग शेजारच्या वेढ्यापर्यंत पोचतच नाहीत. फार लांब तरंग पोचतात, पण त्यांचं क्षेत्र फितीबाहेर मुळातच कमी पडतं. या दोन्हींच्या मध्ये एक मोक्याची तरंगलांबी असते, जिचा ठसा सगळ्यात ठळक उमटतो. गणित सांगतं की ती फितीच्या जाडीच्या २π पट असते. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले १८. २π ने गुणा. उत्तर ११३ मायक्रोमीटर. वर तार षड्जाची तरंगलांबी आली होती ११५!

देसकार उत्तरांगाचा, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात रमणारा राग, बंदिशीचा उठाव तार षड्जावर. कॅसेट ज्या स्वराचा ठसा सगळ्यात चांगला उमटवते, नेमका तोच स्वर आजींनी पहिला लावला होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत आणखी पातळ, तिथे हा मोक्याचा स्वर ६३० हर्ट्झच्या आसपास जातो.

आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा का वाटतो, तेही यातच आहे. ‘स’, ‘श’ची धार हजारो हर्ट्झची असते. पाच हजार हर्ट्झची तरंगलांबी फितीवर दहा मायक्रोमीटरसुद्धा भरत नाही, ती शेजारच्या वेढ्यापर्यंत जगत नाही. ठशात स्वर उरतो, व्यंजनांची धार जाते. भिंतीआडून ऐकतानाही असंच होतं.

आणि ते तीन सेकंद? शेजारच्या वेढ्यावरचा ठसा म्हणजे बरोबर एका फेऱ्याचं अंतर. साठ मिनिटांची फीत भरलेल्या चाकाचा व्यास सुमारे ५ सेंटिमीटर, बाहेरच्या वेढ्याची लांबी १५.७ सेंटिमीटर. भागिले ४.७६, म्हणजे ३.३ सेकंद. रिकाम्या चाकाचा व्यास मात्र २.२ सेंटिमीटरच असतो, तिथे एक फेरा दीड सेकंदात संपतो. बंदिश कॅसेटच्या अगदी सुरुवातीला आहे. कॅसेट ऐकून संपल्यावर तशीच ठेवली असती, तर ही सुरुवात दुसऱ्या चाकाच्या गाभ्याशी गेली असती आणि ठसा दीड सेकंद आधी ऐकू आला असता. तो तीन सेकंद आधी येतो. म्हणजे सुरुवात बाहेरच्या वेढ्यावर होती. दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवली नसेल, तर ही कॅसेट कुणीतरी शेवटची ऐकल्यावर पूर्ण मागे फिरवून, पुढच्या वेळी लावताक्षणी वाजेल अशी ठेवली होती, आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहिली. नातीसाठी केलेली ही तजवीज नुसत्या घड्याळावरून वाचता येते.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या तीन सेकंदांत काय होतं, याबद्दल थोडक्यात. २०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी, आवडतं संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. काटा येण्याच्या क्षणी न्यूक्लिअस अकम्बन्स या भागात डोपामिन हे रसायन सुटत होतं. त्याच्या आधीचे काही सेकंद, ती जागा येणार येणार अशी वाट पाहताना, कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागात. २००८ साली अमेरिकेत आई किंवा बहीण गमावलेल्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला. ज्यांचं दुःख वर्षं लोटली तरी ओसरत नव्हतं, त्यांच्यात आठवण करून देणारे फोटो आणि शब्द पाहताना हेच न्यूक्लिअस अकम्बन्स जागं होत होतं आणि ओढ जितकी तीव्र तितकं जास्त. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यावरून ‘रागाने शोक बरा होतो’ अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका. पण ज्या आवाजाची जन्मभर ओळख आहे त्याची चाहूल तीन सेकंद आधी लागली, तर पडद्यावरचा तो मुलगा जागच्या जागी उभा राहणारच, असं मला वाटतं.

ग्वाल्हेरातल्या कितीतरी मराठी घरांत अशा कॅसेटी पडून आहेत. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४चं, माधव संगीत महाविद्यालय १९१८चं. तिथे शिकलेल्या आज्या-आजोबांनी घरी जे गाऊन ठेवलं ते कुठल्याच संग्रहात नाही. ते काँप्युटरवर घ्यायचं असेल तर कॅसेट आधी माळ्यावरून उतरवून घरातल्या थंड कपाटात ठेवा. वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. सहज वळलेल्या सुया तितक्याच सहज परत फिरतात आणि ठसा बराच उतरतो. मात्र फीत कशी ठेवली होती ते वाचायचं असेल, तर फिरवण्याआधी सुरुवातीचं अर्धं मिनिट तसंच उतरवून घ्या. फीत कुरकुरत असेल तर तेही नको, जाणकाराकडेच न्या. आवाज ‘स्वच्छ’ करून देणारी अ‍ॅप्स खरखरीबरोबर श्वास आणि मुरकीही खरवडतात, म्हणून ती वापरायची तर दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत खरखर, ठसा आणि सगळ्यासकट जशीच्या तशी ठेवा, आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव आणि वर्ष घालायला विसरू नका.