तुतारी दिसली! पण कोणती?

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मित्राचा मेसेज आला: ‘या वर्षीची पहिली तुतारी दिसली!’ तो कासला गेलेला, मी इकडे पुण्याजवळच्या कवडीपाटच्या चिखलात पक्षी बघत उभा. मी विचारलं, ‘शेपूट हलवतेय का?’ बराच वेळ गप्प. मग फोटो आला, गवतात उभ्या पांढऱ्या फुलाचा.

घोळ होणारच. तुतारी हे एका रानफुलाचं नाव आणि पाणथळीतल्या एका छोट्या पक्ष्याचंही. नाव एक, दोघी स्त्रीलिंगी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दोघीही हजर.

फुलाला हे नाव का, ते बघताक्षणी कळतं. इंचभर लांब, काडीसारखी बारीक, किंचित वाकलेली नळी आणि तोंडाशी पसरलेल्या पाच पाकळ्या. ही सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) ओल्या गवतात वाढते आणि शेजारच्या गवताच्या मुळांतून गुपचूप रस ओढते. पानं हिरवी, म्हणजे स्वयंपाक घरी होतो, पण शेजारचा डबाही सोडत नाही. वाळली की काळीठिक्कर. शास्त्रीय नाव रॅम्फिकार्पा, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘चोचीचं फळ’. फळाला खरंच टोकदार चोच असते. म्हणजे पक्षी इथंही घुसलाच!

पक्ष्यात मात्र तुतारीचा आकार शोधू नका, चोच सरळसोट आहे. तिला ऐकायचं. दगडावरून उडाली की पाण्याला जवळजवळ चिकटून, ताठ पंखांनी जाते आणि ‘ट्वी-वी-वी’ अशी बारीक शीळ घालते. माझ्या मते ही तुतारी नव्हेच, पिपाणी. पण तुतारी-पिपाणी या चिन्हांचा घोळ आपण २०२४ च्या निवडणुकीत पाहिलाय, नको तो विषय. मुळा-मुठेच्या काठी, पाषाण तलावावर ती उन्हाळ्यापर्यंत असते, मग हिमालयाकडे आणि त्याही पलीकडे घरटी करायला जाते. अंग वरून तपकिरी, पोट पांढरं, आणि तो पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे चढलेला. ही खूण पक्की. चालताना मागचा भाग सारखा वर-खाली. जवळच ठिपकेवाली तुतारीही असते, पण तिच्या खांद्यावर ती पांढरी पट्टी नाही आणि उडताना तिचं पांढरं बूड दिसतं.

मित्राला सांगून ठेवलंय: फूल असेल तर ‘फुलली’ लिही, पक्षी असेल तर ‘आली’. तो अजून ‘दिसली’च लिहितो.